मागे आवाज आहे

"कणगीत दाणे ठेवतात. सून ठेवलेली मी तरी आजवर पाहिली नव्हती. आणि वर गोधडी टाकून! जशी काही केळी पिकायला घातलीत."

म्हातारी हे स्वतःशीच पुटपुटत होती. पण तिचे दोन्ही कान अर्धे गेलेले, त्यामुळे तिचं पुटपुटणं भिंतीपलीकडच्या शिंपिणीलाही ऐकू जायचं. इथे तर मधे फक्त कणगीचा कूड होता. आत सून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, समोर उपड्या डब्यावर फोन उभा केलेला. तिनं नुकतंच स्वच्छ, सावकाश वाचलं होतं, 'कृपया बैठकीतला दिवा मंद कर,' आणि त्याच्या शेपटाला केळी येऊन चिकटली.

तिनं ते वाक्य पुसलं. गोधडी बाजूला सारून डोकं वर काढलं.

"आई, जरा दहा मिनिटं."

"मी काय बोलले?"

"काही नाही."

"मग? बोलले नाही तरी बोलतेय म्हणायचं! आणि कुठल्या बैठकीतला दिवा ग? आपल्याकडे बैठक कुठेय?"

"लिहिलंय तसं वाचायचं असतं."

"मंदच आहे तो दिवा. अजून काय मंद करायचा?" म्हातारीनं गुडघ्यावर हात ठेवले, उठली, आणि जाताना खरोखरच दिवा बंद करून गेली. दिवसाउजेडी कशाला जळत ठेवायचा, हे तिचं म्हणणंही बरोबरच होतं.

कणगी रिकामी होती म्हणून तर हे सुचलं. कापणीला दहा दिवस असताना गारा पडल्या. वीस मिनिटं पडल्या असतील. थांबल्या तेव्हा शेतात कोणी लोळून गेल्यासारखं सगळं झोपलेलं. त्या दिवशी नवरा बांधावर उभा राहून बराच वेळ नुसता खाली बघत होता, मग एक गार उचलून त्यानं तोंडात टाकली. "गोड आहे," म्हणाला. यावर हसावं की काय करावं, तिला कळलं नाही.

यंदाचे दाणे घरात आले की त्यानं क्रशर सोडायचा, असं ठरलं होतं. गावाच्या वरच्या अंगाला डोंगर फोडून खडी करायचं मशीन होतं, त्यावर तो अकरा वर्षं जात होता. का सोडायचा, हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. "आता पुरे झालं," एवढंच तो म्हणाला होता, आणि म्हातारी म्हणाली होती, "हो, पुरे." भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. तेही त्याच मशीनवर. ती लग्न होऊन आली त्याच्या आधीच्या वर्षी ते गेले होते. छातीत गारठा भरला, हवा बदलली होती, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिनं पुढे विचारलं नव्हतं. नवी सून किती विचारणार? आणि जुनी झाल्यावर विचारायची वेळ निघून गेलेली असते.

गारांनंतर चौथ्या दिवशी तो पुन्हा डबा घेऊन क्रशरवर गेला.

त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. ती तालुक्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांचे फॉर्म भरून द्यायची. "वहिनी, घरबसल्या कामं निघालीत फोनवर. अनुभव नको, काही नको. करतेस का?"

"पेन्सिली भरायच्या असतील तर नको."

हे ती आधी करून चुकली होती. घरबसल्या पेन्सिली भरा, म्हणून आधी नोंदणीचे पैसे मागितले होते, आणि दिल्यावर ना पेन्सिल आली ना माणूस. दुसऱ्या एकानं दिवसभर व्हिडिओंना अंगठे दाखवायला लावले. दोन दिवस तिनं अंगठे दाखवले, तिसऱ्या दिवशी त्यानं दाखवला.

"हे तसलं नाही," नणंद म्हणाली. "मी तपासलंय, आमच्या मालकीणबाईंची भाची करते. वाक्यं येतात, ती मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करायची. तुझं वाचन चांगलंय. गाव तुला मास्तरीण म्हणतं ते उगाच का?"

गाव तिला मास्तरीण म्हणायचं ते अर्धं कौतुकानं, अर्धं चिडवायला. दहावीच्या पुढे ती शिकली नव्हती, पण हाताला लागेल तो कागद वाचायची, पुडीचासुद्धा.

"कोणासाठी वाचायचं?"

"मशीनला माणसाचं बोलणं कळावं म्हणून."

"इथे माणसाला माणसाचं कळत नाही," ती म्हणाली, आणि हो म्हणाली.

पहिले सहा दिवस परीक्षेचे. एकशे वीस वाक्यं, त्यातली शंभर पास झाली पाहिजेत, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. झाली तर काम रोजचं, नाहीतर पुन्हा संधी नाही. एक वाक्य तीनदाच वाचता येणार. पास झालं की हिरवी खूण, नाहीतर लाल फुली आणि कारण. नणंदेनं बजावलं, "शांत, लहान जागेत बस. चारी बाजूंनी कापड पाहिजे. शहरात लोक कपड्यांच्या कपाटात बसतात."

यांच्या घरात बसता येईल असं कपाट नव्हतं. कणगी होती, पुरुषभर उंच, मातीनं लिंपलेली, आणि तळापर्यंत रिकामी. तिनं आतून पोती लावली, स्टूल ठेवून आत उतरली, वरून गोधडी ओढून घेतली. आत जुन्या दाण्यांचा वास होता. त्या वासात बसून तिनं पहिलं वाक्य वाचलं, 'पुढच्या चौकातून उजवीकडे वळा.'

बाहेरून म्हातारी म्हणाली, "उजवीकडे गोठा आहे."

वेळेची अडचण वेगळीच होती. क्रशर सकाळी सातला सुरू व्हायचा तो दुपारी जेवणालाही थांबायचा नाही, आणि दिवसभर गावाच्या उरावर कोणी उखळात दगड कांडतंय असा त्याचा ठोका चालायचा. लोकांना सवय झालेली, ते त्यावर आवाज चढवून बोलायचे. पण कणगीच्या आतही तो जमिनीतून यायचा, पायांना कळायचा, फोनला तर कळायचाच. म्हणजे दिवसा वाचणं बाद. साडेचारला मशीन थांबलं की गाव एकदम पोकळ झाल्यासारखं व्हायचं. पहाटे पाणी आणि डबा, सहानंतर चूल आणि शेजारचे टीव्ही, म्हणून साडेचार ते सहा एवढाच काय तो निवांतपणा. आणि त्याच वेळी नवरा घरी यायचा.

पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. अंगणातल्या दगडावर बसून तो अंगावर पाणी घ्यायचा, तर पहिल्या तांब्याचं पाणी दुधासारखं वाहायचं. मग तो कणगीवर टकटक करायचा.

"मास्तरीणबाई आहेत का आत?"

"तास चालूय."

"मग चालू दे. आम्ही बाहेर ओणवे उभे राहतो."

आणि मग भिंतीला टेकून बसायचा. बसल्यावर खोकला यायचा. दोन कोरडे, लगेच एक लांब, आणि त्या लांबाच्या शेवटी बारीक शीळ, फाटक्या भात्यातून वारा निसटावा तशी.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. चाळीस वाक्यांपैकी सतरा हिरवी. तेवीस लाल, आणि तेवीसच्या तेविसांपुढे एकच कारण. मागे आवाज आहे.

"कसला आवाज?" म्हातारीनं विचारलं.

"ते नाही लिहिलेलं."

"कोंबडी असणार," म्हातारी म्हणाली. "ती ठिपक्यांची. अंडं एक घालते आणि बोंब दहा जणींची मारते."

ठिपक्यांची कोंबडी टोपलीखाली घालून शिंपिणीकडे पोचवण्यात आली. शिंपीण उंबऱ्यात आली, तोंडात टाचण्या धरूनच बोलली, "आणि माझ्या मशीनचं काय? तेही ऐकू जात असेल की."

"तुमचं काम कसं थांबवायचं?"

"साडेचारला मी काजं करायला घेईन. हातानं. तुझं हुकूम सोडणं झालं की भिंतीवर थाप मार." टाचण्या काढून तिनं डबीत टाकल्या. "काल मी कात्री धरून उभी, तू म्हणालीस, पुढच्या स्थानकावर उतरा. मला वाटलं, आता कुठे उतरू?"

तिसऱ्या दिवशी विहिरीवरच्या रहाटाला तेल घातलं. दाराच्या बिजागरीला घातलं. म्हातारीनं स्वतःहून हातातली कडं काढून उशाखाली ठेवली आणि ओठ मिटून, डोळे मोठे करून ओट्यावर बसून राहिली. तिला इतकं गप्प बसलेलं पाहून रस्त्यानं जाणारा गवंडी विचारून गेला, घरात सगळं ठीक आहे ना?

निकाल पुन्हा तसाच आला. थोडी हिरवी, बरीच लाल. मागे आवाज आहे.

जेवताना म्हातारी म्हणाली, "कोंबडी गेली. रहाट गप्प केला. मी गप्प झाले. आता अजून कसला आवाज राहिलाय घरात?"

सुनेनं पातेल्यातलं वाढलं. नवऱ्यानं पाण्याचा पेला उचलला, प्यायला, पुन्हा उचलला. पेला रिकामा होता.

"पत्रा असेल," तो म्हणाला. "उन्हानं तडतडतो."

"असेल," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पत्र्यावर ओलं पोतं टाकलं.

तिला माहीत होतं. पाठवायच्या आधी प्रत्येक वाक्य कानाला वायर लावून ऐकावं लागायचं. तिच्या आवाजाच्या मागे, अगदी लांबून, ते यायचं. दोन कोरडे, एक लांब. समोर बसल्यावर तिला ते कधी इतकं ऐकू आलं नव्हतं. अकरा वर्षांत घड्याळासारखं झालं होतं ते, चालू असल्याचं कळायचं नाही. वायरीतून मात्र कोणी बोटानं दाखवल्यासारखं सुटं ऐकू यायचं. हे काम मिळावं आणि त्यानं खडीवर जायचं थांबावं, एवढ्यासाठी ती या वयात कणगीत उतरली होती, आणि कामाच्या आड येत होता तो त्याचाच खोकला. हे कोणाला सांगायचं? त्याला? "तुमच्या खोकल्यानं माझी वाक्यं नापास होतात," असं? आणि तो खोकला कशाचा, हे त्याच्या पुढचं वाक्य. ते बोललं की मागे घेता येणार नव्हतं.

म्हणून ती वाक्यं पुन्हा वाचत राहिली. दोन खोकल्यांच्या मधला वेळ तिनं हेरला. लांब खोकल्यानंतर, शीळ संपली की, साधारण वीस श्वासांची जागा मिळायची. त्या जागेत एक वाक्य बसायचं, घाई केली तर दोन. 'उद्या सकाळी सहाचा गजर लाव.' 'माझ्या बहिणीला फोन लाव.' घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर यायचा, पुसायला हात हलवला तर पोतं खसखसायचं, म्हणून ती तो तसाच पडू द्यायची. पाय मुंग्यांनी भरायचे. गुरुवारी बाहेर येताना तिला स्टुलावर पाय देता येईना. नवऱ्यानं दोन्ही काखांत हात घालून तिला वर ओढलं, आणि तेवढ्या श्रमानं तो वाकला.

"हवा खराब झालीय," तोंडावर टॉवेल धरून तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. आणि स्वतःचाच आवाज तिला नापास वाटला.

शुक्रवारी सत्त्याहत्तर हिरवी होती. मनातल्या मनात कितीदा हिशेब करून झाला होता. त्या संध्याकाळी मात्र वाक्यामागून वाक्य स्वच्छ निघालं. ती थांबायची, वाट बघायची, आणि काहीच यायचं नाही. बारा वाक्यं झाली तरी भिंत गप्प. मग तिचंच लक्ष लागेना. ती बाहेर आली. भिंतीशी तो नव्हता. त्याच्या चपला नव्हत्या.

गोठ्याच्या मागे, कडब्याच्या गंजीत तोंड खुपसल्यासारखा तो उभा होता. टॉवेलचा बोळा दातांत धरलेला. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आलेल्या, आणि खांदे आवाजाविना हलत होते. तिला बघून त्यानं टॉवेल काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यानं हसायचा प्रयत्न केला.

"झालं? किती राहिली?"

"अकरा."

"मग बाहेर का आलीस? जा. बस आत. मी इकडे गायीशी बोलतोय."

"गाय नाहीये इथे. ती पुढे बांधलीय."

"तेच तिला विचारत होतो, कुठे गेलीस म्हणून."

तिनं टॉवेल त्याच्या हातातून घेतला. तो चिंब होता. ती काही बोलणार एवढ्यात म्हातारीनं घरातून हाक मारली, आणि दोघांनाही बरं वाटलं.

शनिवारी सकाळी तो नेहमीसारखा गेला. साडेचारला मशीन थांबलं. ती आधीच कणगीत बसली होती, गोधडी ओढून, पहिलं वाक्य डोळ्यांसमोर धरून. पलीकडे शिंपिणीनं मशीन बंद केलं, तेही तिनं ऐकलं. मग तो आला नाही. पाच वाजले. तिनं सात वाक्यं वाचून पाठवली. तो आला नाही. वाट बघत वाचणं अवघड असतं, कान दाराकडे आणि जीभ फोनकडे. पण आज वीस श्वासांच्या जागा मोजायच्या नव्हत्या, पाहिजे तेवढी जागा होती. ती शांतपणे, एकेक अक्षर सोडत वाचत गेली. हे काम मला पाहिजे, असं तिनं कोणाला म्हटलं नाही. ते तिच्या आवाजातच होतं, 'खिडकी बंद कर' म्हणतानाही. म्हातारीनं उठून खिडकी बंद केली.

सहाला दहा कमी असताना तिनं शेवटचं वाक्य पाठवलं आणि स्टुलावर चढून वर आली. ओट्यावर म्हातारीशेजारी ती फोन घेऊन बसली, आणि दोघी त्या काचेकडे बघत राहिल्या, जसं काही त्यातून कोणी बाहेर येणार होतं. सहा वाजून गेल्यावर निकाल आला. एकशे एक. खाली लिहिलं होतं, सोमवारपासून काम सुरू.

"म्हणजे?" म्हातारीनं विचारलं.

"म्हणजे पास!" ती ओरडली, थोडं म्हातारीच्या कानांसाठी आणि थोडं आनंदासाठी, एवढ्या मोठ्यानं. भिंतीपलीकडून शिंपिणीनं थाप मारली.

तेव्हा तो अंगणात आला.

रोज तो पांढरा असायचा, पण आज त्याच्या तोंडावर तोंड म्हणून काही राहिलं नव्हतं. पिठात बुडवून काढल्यासारखा, फक्त डोळ्यांच्या जागी दोन ओली भोकं. "पास ना?" तो म्हणाला. "रस्त्यातच ऐकू आलं."

"कुठे होतात इतका वेळ?"

"खाली, मशीनच्या पोटात झाडायला थांबलो. कोणी तयार नसतं त्याला, मुकादमाला बरंच वाटलं." तो दगडावर बसला. "आता रोज थांबेन म्हणतो. तास-दीड तास. तुला घरात निवांत मिळेल. आज मिळालं ना?"

तिच्या हातातला फोन तसाच राहिला. एकशे एक वाक्यांतलं एकही तिला आठवेना.

त्याला खोकला आला. त्यानं तोंड फिरवलं, टॉवेल शोधला, सापडला नाही, मग बाहीत तोंड घातलं. म्हातारी त्याच्याकडे बघत होती. तिला खोकला ऐकू यायचा तेवढाच येत होता, पलीकडच्या खोलीत कोणी काही सरकवावं तसा.

"मला ऐकव तरी," ती एकदम सुनेला म्हणाली. "सहा दिवस घर मुकं करून काय वाचलंस ते."

सुनेनं वायरी म्हातारीच्या कानात बसवल्या. फोनवरची यादी तिच्या बोटाखाली सरकली. वरच हिरवी होती, ती लावली असती तरी चाललं असतं. तिचं बोट खाली गेलं, लाल फुल्यांवर, आणि तिथे थांबलं. पुन्हा वर नेता आलं असतं. तिनं नेलं नाही. आवाज पूर्ण वाढवला आणि दाबलं.

म्हातारीच्या कपाळावर आठी पडली. सुनेचा आवाज तिला इतक्या जवळून कधी ऐकू आला नव्हता, ती ओळखीचं हसली. मग हसू जागच्या जागी राहिलं.

"परत लाव."

सुनेनं परत लावलं.

"परत."

तो दगडावरून उठला. "काय झालं? आई, काय ऐकतेयस?"

म्हातारीनं हात वर करून त्याला गप्प केलं. तिसऱ्यांदा ती डोळे मिटून ऐकत होती, मान किंचित कलती करून, तांदळातला खडा शोधावा तशी. मग तिनं एकेक करून दोन्ही वायरी कानांतून काढल्या आणि मांडीवर ठेवल्या.

"शेवटी शीळ आहे," ती म्हणाली. "मला घरात ती ऐकूच येत नव्हती."

"हवेचं आहे ग ते. हवा बदलली की—"

"हवा नाही." एरवी तिचा आवाज भिंतीपलीकडे जायचा, आज तो अंगणापुरताही नव्हता. "हा तुझा खोकला नाही. तुझ्या बापाचा आहे. अशीच शीळ होती, दोनाच्या मागून तिसऱ्याला. मी त्या आवाजाशेजारी निजत होते." तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही. पांढऱ्या पोराकडे पाहिलं. "ती दगडाची भुकटी आहे, छातीत. तेव्हाही मला ठाऊक होतं. तेव्हाही हवा हवा मीच म्हणत होते."